उशिरा आलेलं कार्ड

बाईंना विचारा

या वेळी पत्रं दोनच घेतली आहेत. पहिलं लांबलचक आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांब झालं. कापायला बसले होते, पण हात धजावला नाही.

पत्र पहिलं

बाई, नमस्कार.

मी एकवीस वर्षांचा आहे. अशोक चौकाच्या पुढे आमचा टॉवेलचा कारखाना आहे, आठ माग. सकाळी कॉलेज करतो आणि रात्रपाळीला मी बसतो. मागांच्या खडखडाटात गाणी ऐकता येत नाहीत, म्हणून मी मोबाइलवर जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडची कार्टून, बघतो, खालची इंग्रजी अक्षरं वाचत. गेल्या श्रावणात असाच एक सिनेमा सापडला, 'मिलेनियम ॲक्ट्रेस'. तीन रात्री ओळीने तोच बघितला. धागा तुटून माग उभा राहिला तरी मला कळलं नाही, वडिलांनी येऊन पाठीत एक दिली. मग दिग्दर्शकाचं नाव शोधलं. सातोशी कोन. त्यांचे बाकीचे तीनही बघून टाकले. पुढचा कधी येतोय म्हणून शोधायला गेलो, तर कळलं की ते २४ ऑगस्ट २०१० ला वारले. वय ४६. मी तेव्हा पहिलीत होतो.

पाळी संपल्यावर पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर जाऊन बसलो आणि रडलो. घरी आईने डोळे बघून विचारलं, तर सांगितलं. आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं झाली मरून, आता कशाला रडायलास? आणि तो तुझा कोण लागतोय?" मला उत्तर देता आलं नाही. गेल्या साली माझी आत्या गेली. तेव्हा मी एवढा रडलो नव्हतो. त्याची फार लाज वाटते.

आम्ही सहाजण आहोत, सगळे ॲनिमेवाले. येत्या २४ ऑगस्टला एका मित्राच्या क्लासमध्ये पडदा लावून कोन यांचा सिनेमा दाखवायचा आणि फोटो ठेवून दोन मिनिटं उभं राहायचं, असं ठरतंय. एकजण म्हणतो, फोटो आणि हार हे नाटक आहे. दुसरा म्हणतो, त्यांचा पाचवा सिनेमा अर्धा राहिलाय, तो आता कॉम्प्युटरकडून त्यांच्याच शैलीत पुरा करून घ्यावा, तीच खरी श्रद्धांजली. त्याने थोडा भाग करूनही दाखवला. हुबेहूब वाटतो. पण बघून माझ्या पोटात कसंतरी झालं. का, ते सांगता येईना.

शेवटचं विचारतो. जायच्या आधी त्यांनी एक पत्र लिहून ठेवलं होतं. दोन महिने झाले, ते मोबाइलमध्ये ठेवलंय. उघडायचं धाडस होत नाही. वाचू का?

– एक मागवाला, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर

बाळा, आजोबांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. कारण तोच प्रश्न २०१० साली मी एका मुलाला विचारला होता.

ऑगस्ट संपत आला होता. रात्री साडेदहाच्या सुमाराला फोन आला. माझ्या चित्रकलेच्या वर्गातला जुना मुलगा, तेव्हा पुण्यात ॲनिमेशन शिकत होता. म्हणाला, "बाई, कोन गेले." मी म्हटलं, "कोण गेलं?" तो म्हणाला, "कोन." "अरे, पण कोण?" दोनतीनदा असंच झालं. मला वाटलं, त्याच्या घरातलंच कोणीतरी गेलं आणि पोराला नाव उच्चारवत नाही. त्याचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. मी बोलता बोलता पायात चपला सरकवल्या होत्या. मग त्याने उलगडून सांगितलं, जपानचे दिग्दर्शक, सातोशी कोन, कालच्याला कळलं. मी चपला काढल्या आणि म्हटलं, "मग तुला रडायला काय झालं?"

तो गप्प झाला. थोड्या वेळाने "ठेवतो बाई" म्हणाला आणि ठेवला. एकतीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यात बोलायला नको होती अशी वाक्यं बरीच असतील, पण हे एक मला अजून टोचतं.

दिवाळीला तो आला तो लॅपटॉप घेऊनच. रागावलेला नव्हता. म्हणाला, "बाई, ह्या माणसाची चित्रं तुम्ही बघायलाच पाहिजेत." त्यानेही 'मिलेनियम ॲक्ट्रेस'च लावला. सत्त्याऐंशी मिनिटं. मी पहिल्यांदा सिनेमा बघितलाच नाही, रेषा बघितली. त्यातली ती नटी, चियोको, कायम पळत असते, तुला माहीत आहे. घोड्यावर बसून निघते, पुढच्या चित्रात घोड्याची गाडी असते, मग माणसाने ओढायची रिक्षा, मग सायकल. काळ बदलतो, कपडे बदलतात, मागचा रस्ता बदलतो. तिचं पुढे झुकलेलं अंग मात्र तसंच राहतं. मी त्याला तिथे थांबवायला लावलं, मागे न्यायला लावलं, पुन्हा पुढे. जोड कुठे आहे ते मला सापडेना. हे मला फार जवळचं वाटलं. का, ते सांगते, आणि तुला ते लगेच कळेल.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठे पाडायचे. तुमच्या टॉवेलच्या मागांना जकार्ड नसेल, पण घराच्या आसपास कुठेतरी जुना दिसेल. आधी चौकडीच्या कागदावर नक्षी काढायची, एकेक चौकट लाल भरत. मग कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा. ज्या ठिकाणी उभा धागा उचलायचा तिथे भोक, नाही उचलायचा तिथे कोरं. वडील डाव्या हाताचं बोट कागदावरच्या ओळीवर ठेवत आणि उजव्या हाताने भोकं पाडत. पुठ्ठा झाला की फुंकर मारून भोकातली चकती उडवत, उजेडाकडे धरून बघत, मग पुढचा. त्यांच्या मोराच्या चादरीला चारशे ऐंशी पुठ्ठे लागले होते. ते सगळे दोऱ्याने ओवून मागावर माळ टांगली की एकेका आडव्या धाग्याला एकेक पुठ्ठा सरकतो, आणि कुठेच जोड न दिसता मोर उभा राहतो. एक भोक चुकलं, तर तो डाग प्रत्येक चादरीत उतरणार. लहानपणी मी त्या चकत्या वेचून खेळायचे. आमच्या घरात त्या केरात नेहमी असायच्या.

ॲनिमेशनलाही सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. जपानमध्ये एक चित्र दोन-दोन, तीन-तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रं. तीही हाताने. कोन यांनी आधी कागदावर सगळा सिनेमा चौकटी-चौकटींनी स्वतः बारकाईने काढून ठेवायचा आणि मग पुढच्या लोकांनी तो हलता करायचा, अशी त्यांची पद्धत. त्या दिवाळीत मी ते बघत होते आणि मला पुठ्ठा उजेडाकडे धरलेला दिसत होता. तुझे माग रात्रभर तुझ्यासमोर चालतात. तुला हा माणूस मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावरून, आवाज ऐकू येत नसताना पोचला, याचं मला नवल वाटलं नाही. तू कारागिरी ओळखलीस.

आता उशिराचं. तुझ्या आजोबांच्या बोलण्यातला जास्त बोचरा भाग तो आहे, इतकी वर्षं झाली आणि आता कशाला?

माझ्या आजीचा एक भाऊ गुलबर्ग्याकडे होता. तो गेल्याचं कार्ड आमच्याकडे आलं ते वर्ष उलटून गेल्यावर. पत्ता बदलला होता आणि कार्ड कुठे कुठे फिरून आलं. कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच आजीला कळलं. मी सहासात वर्षांची होते. आजी चुलीपुढून उठली, हातातली भाकरी तव्यावर तशीच. परसात गेली आणि रांजणातलं थंड पाणी डोक्यावरून घेतलं, लुगड्यासकट. मी आईला विचारलं, मामा तर केव्हाच गेले ना? आई म्हणाली, तिला आज कळलं. आपल्याकडे त्याचा नियमच आहे. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे, आणि वर्ष उलटून कळलं तरी निदान डोक्यावरून आंघोळ करायची. आपल्या जुन्या माणसांनी हे ओळखलं होतं की मरण एकदा होतं, पण कळतं ते ज्याला जेव्हा कळेल तेव्हा. तुझं कार्ड पंधरा वर्षं फिरत होतं. तू तलावाच्या कट्ट्यावर बसून रडलास, म्हणजे तुला ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी तू आंघोळ केलीस. आजोबांना हे असं सांगून बघ. ते या नियमात वाढले आहेत, त्यांना कळेल.

राहिलं कोण लागतो ते. आपण सोलापूरची माणसं हे विचारायला नको. भैया चौकाकडे डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तू शाळेतून गेला असशील. आपल्या गावात जन्मलेला मुलगा १९३८ मध्ये चीनला गेला, जपानच्या आक्रमणाशी लढणाऱ्यांच्या जखमा बांधल्या, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेला. वय ३२. तिकडे शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे आणि लोक अजून फुलं वाहतात. ज्यांनी त्यांना बघितलं ती पिढी संपली. आज फूल ठेवणाऱ्या बाईचे द्वारकानाथ कोटणीस कोण लागतात? आणि आपण दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो, ते १९३१ साली फासावर गेले. आपल्यापैकी कोणाचे ते मामा, काका होते?

कोटणीस ज्यांच्याविरुद्ध उभे होते त्या देशाचे कोन, हे मला लिहिताना जाणवलं. त्याने माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. उलट, दुःख देशाच्या हद्दी विचारत नाही, हे आपल्या गावाला कोटणीसांमुळे आधीच ठाऊक आहे.

आणि अरे, कोन यांनी स्वतः तुझं चित्र काढून ठेवलंय. त्या सिनेमातला गेन्या ताचिबाना बघ पुन्हा. तीस वर्षांपूर्वी सिनेमे सोडून घरात बसलेली ती नटी, तिच्यासाठी जीव टाकणारा आणि आता तिची मुलाखत घ्यायला आलेला हा मध्यमवयीन, जाडसर, घामाघूम माणूस. तिची हरवलेली किल्ली त्याने जपून ठेवलेली असते. ती आठवणी सांगायला लागते आणि हा त्या आठवणींच्या आत शिरतो, तिला वाचवायला धावतो. त्याचा तरुण कॅमेरावाला मागे उभा राहून वैतागतो. शेवटी तिच्या उशाशी बसून रडणाराही तोच. चियोको त्याची कोणीच लागत नाही. कोन यांनी त्याला थोडं विनोदी काढलंय, पण त्याच्या रडण्याची टिंगल केलेली नाही. ज्या माणसाने चाहत्याच्या डोळ्यातलं पाणी एवढं मानाने काढलं, त्याच्यासाठी रडताना तू लाजू नकोस.

आत्याचं मात्र वेगळं आहे आणि ते मी हळूच सांगते. आत्या गेली तेव्हा तू काय करत होतास आठव. खुर्च्या आणल्या असशील, मंडपवाल्याला फोन केला असशील, गावाकडच्यांना स्टँडवरून आणलं असेल, दहाव्याला भांडी उचलली असतील. माणूस गेल्यावर आपल्याकडे घरातल्या पोरांच्या हाताला काम लावतात, आणि ते बरंच असतं. दुःखाला वाट मिळते. कोन यांच्यासाठी तुला उचलायला एक खुर्चीही नव्हती. सगळं डोळ्यांतून आलं. त्यात आत्याचंही थोडं आलं असेल, मला तरी तसं वाटतं. तिच्या मुलांना एकदा भेटून ये.

आता तुमच्या भांडणाचं. तो अर्धा राहिलेला सिनेमा.

'ड्रीमिंग मशीन' असं त्याचं नाव. त्यात माणूस एकही नाही, सगळे यंत्रमानव, आणि कोन पहिल्यांदाच लहान मुलांनाही घेऊन बघता येईल असं काही करत होते. सुमारे १५०० पैकी ६०० शॉट हलते झाले होते, असं निर्माते मासाओ मारुयामा यांनी पुढे सांगितलं. मारुयामा म्हणजे कोन यांच्या सगळ्या सिनेमांच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस. त्यांनी बरीच वर्षं पुरा करू शकेल असा कोणी शोधला. शेवटी त्यांचं मत असं झालं की दुसऱ्या गुणी दिग्दर्शकाने केला, तर तो त्याचा सिनेमा होईल, कोन यांचा राहणार नाही. म्हणून ठेवून दिला.

तुझ्या पोटात कसंतरी का झालं, ते मला सांगता येईल असं वाटतं. माझे वडील १९९४ मध्ये गेले. त्यांच्या हातात तेव्हा नवीन चादर होती, हत्ती आणि कमळाची. कागद पुरा झाला होता, पुठ्ठे निम्मे पाडून झाले होते. कारखानदार भला माणूस, त्याने दुसऱ्या कारागिराकडून उरलेले पाडून घेतले. त्यालाही मी दोष देत नाही, कागदाबरहुकूम केलं त्याने. चादर बाजारात आली, खपली. आईने एक घरी आणली. मी ती पसरून बघितली. निम्म्यापर्यंत हत्तीच्या पाठीची रेषा वाकते तिथे वडील कागद सोडून एखादा धागा अलीकडे-पलीकडे घेत, डोळ्याला बरं दिसावं म्हणून. ते कागदावर कुठेच नसायचं, हातात असायचं. पुढच्या निम्म्यात रेषा कागदाप्रमाणे सरळ पायऱ्या-पायऱ्यांनी गेली. चूक एकही नाही. ती चादर आम्ही कोणी पांघरली नाही. आई गेल्यावर मी ती देऊन टाकली, आणि अर्धे पुठ्ठे, वडिलांनी पाडलेले, तेवढे ठेवले. ते अजून माझ्याकडे आहेत.

तुझ्या मित्राचं यंत्र कोन यांनी केलेलं बघून कोन यांच्यासारखं करतं. कोन यांनी पुढच्या शॉटला काय केलं असतं, ते त्याला ठाऊक नाही, आणि कोणालाच नाही. चार सिनेमे मिळून साडेतीनशे मिनिटं होतात, सहा तासही नाहीत. त्यात एकाची गोष्ट दुसऱ्यासारखी नाही. पछाडलेली गायिका, मग म्हातारी नटी, मग टोकियोतले तीन बेघर आणि त्यांना कचऱ्यात सापडलेलं बाळ, मग माणसांच्या स्वप्नांत शिरणारी बाई. आधीच्यासारखं करायचं नाही, हेच ज्याचं काम, त्याच्यासारखं काय करणार? मित्राशी भांडू नकोस. त्याचाही जीव त्यात अडकलाय, म्हणून तर त्याला ते पुरं झालेलं बघायचंय. पण ते २४ तारखेला दाखवू नका, असं मी म्हणेन.

आता पत्र. वाच. पण रात्रपाळीला नको, आणि एकटा नको.

माझ्याकडे ते त्याच दिवाळीत आलं. पुण्याच्या त्या मुलाने इंग्रजी भाषांतराची पानं छापून आणली होती. कोन यांना १८ मे २०१० ला कळलं की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, हाडांपर्यंत गेलाय, फार तर सहा महिने. त्यांनी ते जवळजवळ सगळ्यांपासून लपवलं. म्हणून २४ ऑगस्टची बातमी जगभर एकदम अंगावर आली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने ते पत्र लोकांसमोर ठेवलं. त्यात ते आधी माफी मागतात, ज्यांना भेटता आलं नाही त्यांची. मग सांगतात की मला घरी मरायचं होतं. मध्ये न्युमोनिया झाला, डॉक्टरांनी एखाददुसरा दिवस म्हणून सांगितलं, त्यातून ते सावरले आणि बायकोने आणि मित्रांनी खटपट करून त्यांना घरी आणलं. आईवडील साप्पोरोहून आले. त्यांना बघून आई पहिलं काय बोलली, तर तुला धडधाकट शरीर देऊन जन्माला घालता आलं नाही, मला माफ कर. कोन यांना उत्तर सुचलं नाही. मलाही त्या ओळीपुढे बराच वेळ जाता आलं नाही. मग मारुयामा भेटायला येतात, अर्ध्या सिनेमाची काळजी करू नकोस, काहीतरी करतो म्हणतात, आणि कोन ओक्साबोक्शी रडतात.

माझे वडीलही शेवटी 'घरी न्या' म्हणत होते. तीन दिवस म्हणत होते. आम्ही नेलं नाही. दवाखान्यात निदान सलाइन आहे, असं आम्ही एकमेकांना समजावत राहिलो. जपानमधल्या एका परक्या बाईने आपल्या नवऱ्याला घरी आणलं, हे वाचून मी वडिलांच्या खाटेसाठी रडले, सोळा वर्षांनी. माझंही कार्ड उशिराच आलं म्हणायचं.

त्या पत्राची शेवटची ओळ तुला आधीच सांगते, म्हणजे तू उघडशील. जगात जे जे चांगलं आहे त्याबद्दल कृतज्ञतेने लेखणी ठेवतो, असं म्हणून ते निरोप घेतात, आणि अगदी शेवटी दोनच शब्द, 'ओसाकी नी'. जपानमध्ये कचेरीतून, कामावरून इतरांच्या आधी निघणारा माणूस हे म्हणतो. पुण्याच्या मुलाने मला अर्थ सांगितला आणि विचारलं, बाई, मराठीत काय म्हणू याला? मला शोधावं लागलं नाही. वडील कारखान्यातून निघताना जोडीदाराला म्हणायचे, तुझे आजोबाही म्हणत असतील, तूही पाळी बदलताना म्हणत असशील. "बरं, मी पुढं होतो."

२४ ऑगस्टचं तुम्ही ठरवलंय ते करा. फोटो ठेवायचा असेल तर ठेवा, हार नको असेल तर नुसतं फूल ठेवा, त्यावर दोन तट कशाला? भाषण कोणी करू नका. सिनेमा 'मिलेनियम ॲक्ट्रेस'च लावा, आणि चोरीची प्रत लावू नका. ती चित्रं काढणाऱ्यांची मजुरी आहे. मजुरी बुडवलेली तुमच्या घरात चालत नाही, इथेही चालू नये. सुसुमु हिरासावा यांचं संगीत आहे, ते तू अजून नीट ऐकलेलंच नाहीस. शेवटची नावं संपेपर्यंत कोणी दिवा लावायचा नाही. एवढं झालं की दोन मिनिटं उभं राहायची वेगळी गरज लागणार नाही.

आणि आजोबांना घेऊन जा. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येणार नाहीत. तू शेजारी बसून कानात सांग, घरात बोलता त्या भाषेत, मराठी असो की तेलुगू. चियोको घोड्यावरून सायकलवर येते तिथे मात्र बोलू नकोस. आजोबांनी आयुष्यभर मागावर जोड शोधलेत. बघू दे त्यांना.

कार्यक्रम कुठे आहे ते कळवलंस तर मी येईन. पुण्याचा तो मुलगा हल्ली हैदराबादला असतो, त्यालाही हे पत्र पाठवलंय.

पत्र दुसरं

बाई, माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्या वर्गातला एकजण सातोशी कोन यांचे सिनेमे बघतो, म्हणून हाही हट्ट धरून बसलाय. कार्टूनच आहे ना, मग बघू देऊ का?

– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर

ताई, नको. इतक्यात नको.

चित्रांचा सिनेमा म्हटलं की तो मुलांचा, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि त्याने दोन्हीकडून नुकसान होतं. मोठी माणसं चांगलं काम बघत नाहीत, आणि लहानांच्या हाती नको ते पडतं. 'परफेक्ट ब्लू' १९९७ चा. गाणं सोडून अभिनयात आलेल्या मुलीच्या मागे एक माणूस लागतो, खून होतात, बाईवरच्या अत्याचाराचं चित्रीकरण त्यात दाखवलंय. मोठ्यांनीही मन घट्ट करून बघायचा. २००६ चा 'पाप्रिका' रंगीत दिसतो, मुलांना बाहुल्यांच्या मिरवणुकीमुळे खुणावतो, पण तोही मोठ्यांचाच. 'टोकियो गॉडफादर्स' त्यातल्या त्यात घरात बसून बघण्यासारखा. तोसुद्धा चौदा-पंधराचा झाल्यावर, आणि तुम्ही शेजारी असताना. दारू आहे, घर सोडून पळालेली मुलगी आहे, तो प्रश्न विचारेल आणि उत्तर द्यायला कोणीतरी हवं. वर्गातल्या त्या मुलाच्या आईशीही एकदा बोला. तक्रार म्हणून नको, तिला बहुधा माहीतच नसेल.

हट्ट मोडायचा तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' लावा, १९८८ चा. आई आजारी असलेल्या दोन बहिणींची गोष्ट आहे. पावसात बसची वाट बघत छत्री घेऊन उभं राहायचं एक दृश्य येतं. ते सुरू झालं की स्वयंपाकघरातून तुम्हीही बाहेर येऊन बसा.